राहेलबाईंचे मागणे

"भाषा तुझी असू दे, प्रिस्किला. मजकूर कमिटी पुरवील," अमोलिक गुरुजी म्हणाले आणि त्यांनी कपबशी आईच्या तिपाईवर आवाज न करता ठेवली.

मी तेव्हा पुण्याच्या एका धर्मशास्त्र महाविद्यालयात मंडळीचा इतिहास शिकवत होते आणि मे महिन्याच्या सुटीत शेवरगावी आईकडे आले होते. दर सुटीत कोणी ना कोणी काहीतरी लिहून घ्यायला येई : लग्नपत्रिकेचा मजकूर, शाळेचा अर्ज, थडग्यावर कोरायची ओळ. विद्वत्तेचा गावाला उपयोग असतो तो एवढाच, आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. या वेळी मात्र स्वतः गुरुजी आले होते आणि त्यांना मानपत्र हवे होते.

"कोणाचं?"

"राहेलबाईंचं."

आई आत भांडी विसळत होती. पाण्याचा आवाज थांबला.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत 'वडील' हे नाते नाही, पद आहे. पाळक वरून नेमून येतात आणि बदलून जातात. वडील मंडळीतून निवडले जातात आणि शक्यतो जात नाहीत. प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीचे ताट आणि पेला घेऊन बाकांमधून फिरण्याचा अधिकार त्यांचा. पाळकाचा पगार, कबरस्तानची जागा, कोणाच्या लग्नाला देऊळ, म्हणजे चर्च, द्यायचे आणि कोणाच्या नाही, हे सारे त्यांच्या पंचकमिटीत ठरे. अमोलिक गुरुजी हे थोरले वडील. मिशनच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, सडपातळ, पांढरा सदरा, खिशाला पेन. मला व्याकरण त्यांनीच शिकवले होते.

राहेलबाई ओहोळ या मंडळीच्या बायबलबाई. म्हणजे उभा जन्म त्या घरोघर हिंडल्या. बायकांना अक्षरओळख करून दिली, बाळंतिणींपाशी बसल्या, आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, मेलेल्या बायकांना अंघोळ घालून पांढरे नेसवले. पद नव्हते, फक्त काम होते. बायकांना वडील होता येईल असा ठराव वरच्या सभेने कित्येक वर्षांपूर्वी केला होता. तो आमच्या देवळात मोठ्याने वाचून दाखवण्यात आला, त्याला टाळ्या पडल्या आणि नंतर तो कपाटात गेला. त्या वर्षी राहेलबाईंनी निवडणुकीसाठी आपले नाव दिले. आमचे पुरुष नोकरीधंद्यासाठी नगरला आणि पुण्याला असत; रविवारी देवळात बायकाच जास्त. त्या निवडून येणार हे बाकावरच्या लहान मुलालाही कळत होते.

"सत्कार कधी करायचा म्हणता?" मी विचारले.

"येत्या रविवारी. उपासनेतच. निवडणूक त्यानंतर आहेच."

"सत्कार झालेलं माणूस पुढे कोणत्या पदाला उभं राहत नाही ना, गुरुजी?"

"राहत नाही असं नाही," गुरुजी म्हणाले. "राहणं शोभत नाही."

वाक्य निर्दोष होते. त्यांची वाक्ये नेहमीच निर्दोष असत.

ते गेल्यावर आई पदराला हात पुसत बाहेर आली. "शाल घालून झाकतायत बाईला," ती म्हणाली आणि कपबशी उचलून आत गेली. एवढे राजकीय विश्लेषण माझ्या महाविद्यालयात चार निबंधांतही कोणाला साधत नसे.

मी सरळ राहेलबाईंकडे गेले. त्या अंगणात खाटेवर धोतराच्या पानावर कुरडया घालत होत्या. डोक्याला ओला टॉवेल, मनगटापर्यंत चीक. मी लहानपणापासून त्यांना मावशी म्हणे. उभ्या उभ्याच मी त्यांना सगळे सांगितले : मानपत्र, शाल, रविवार, आणि या सगळ्याचा अर्थ. अर्थ सांगण्याची मला सवय होती.

"माहितीये की," त्या म्हणाल्या. सोऱ्या दाबून त्यांनी एक कुरडई पुरी केली. "शालीचा रंग कोणता आहे, ते विचारलंस का?"

"मावशी, तुम्हाला घरी बसवतायत."

"बसवू दे. गुडघे कुठं नाही म्हणतायत?"

"मग तबिताबाईंचं काय?"

त्यांचा हात थांबला. सगळा प्रश्न तबिताबाईंचाच होता, आणि तो आम्हा दोघींनाही ठाऊक होता.

तबिताबाई पाटोळे ओढ्यापलीकडच्या वस्तीत राहत. आमच्याच मंडळीच्या, आमच्याच रजिस्टरात नाव असलेल्या. कमरेचे हाड मोडल्यापासून त्या खाटेवर होत्या, डोळेही जवळजवळ गेले होते. ज्याला देवळात येता येत नाही त्याला प्रभुभोजन घरी नेऊन द्यावे असा आमचा नियम आहे, आणि नेताना पाळकाबरोबर निदान एक वडील असावाच असाही नियम आहे. पाळक तयार होते. वडील मिळत नव्हता. कोणाचा गुडघा दुखे, कोणाला नेमके त्याच दिवशी तालुक्याला काम निघे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असे. उन्हाळ्यात ओढा कोरडा असे, तेव्हा ऊन असे. हिवाळ्यात वस्तीवरची कुत्री असत. अशी वर्षे गेली. तबिताबाई राहेलबाईंना दर भेटीत एवढेच विचारीत, की माझं काय चुकलं. मंडळीच्या शिस्तीत प्रभुभोजन बंद करणे ही शिक्षा असते. त्यांची समजूत अशी झाली होती की आपल्याला कशाची तरी शिक्षा झाली आहे, आणि कशाची ते कोणी सांगत नाही. वडील व्हायचे ते राहेलबाईंना एवढ्यासाठी व्हायचे होते. पाळकाबरोबर ओढा ओलांडायला एक वडील लागतो. तो आपण व्हावे.

"तू लिही," राहेलबाई म्हणाल्या. "चांगलं लिही. जड शब्द घाल, गुरुजींना आवडतात."

"तुम्ही शाल घेणार?"

"देतायत तर घेऊ. आणि हे बघ प्रिस्का, एक काम कर. तू वाचायला वर असशील. गुरुजींना ऐनवेळी घाई होईल. मागण्याचा भाग त्यांना वगळू देऊ नकोस."

मी रागातच परत आले. माणूस थकते, मला वाटले. थकल्यावर शाल ऊब देत असावी.

मागण्याचा भाग म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आमच्या मंडळीत ज्याचा सत्कार होतो त्याला मानपत्र वाचून झाल्यावर थोरले वडील विचारतात : 'मंडळीकडे आपले काय मागणे आहे?' सत्कारमूर्ती उत्तर देते, मंडळी उभी राहून 'आमेन' म्हणते आणि मागणे मान्य होते. पहिल्या पिढीत या प्रथेला अर्थ असावा. म्हाताऱ्या उपदेशकांनी त्या वेळी विधवेसाठी छप्पर मागितल्याच्या, पोरक्या पोराची शाळा मागितल्याच्या आठवणी सांगतात. माझ्या पाहण्यात मात्र प्रत्येकाने एकच मागितले होते : आपल्या प्रार्थनांत माझी आठवण असावी. अपवाद फक्त गुरुजींचे थोरले भाऊ. त्यांनी आपल्या बाकावर पंखा मागितला होता. लोक हसले, पण उभे राहून आमेन म्हणाले, आणि पंखा बसला. तो अजून फिरतो.

मानपत्र मी एका बैठकीत लिहिले. या वाङ्मयप्रकाराचा थोडाबहुत अभ्यास मला आहे. मानपत्रे दोन प्रकारची असतात : एक मेलेल्यांसाठी, दुसरे ज्यांनी यापुढे मेल्यासारखे वागावे अशी अपेक्षा असते त्यांच्यासाठी. दुसऱ्या प्रकारात विशेषणे जास्त लागतात. कमिटीने मजकूर पाठवला होता त्यात 'त्यागमूर्ती' होते, 'मूकसेवा' होती, 'निरपेक्ष' तर तीनदा होते. मी सगळे ठेवले. निरपेक्ष म्हणजे ज्याला काही नको. ज्याला काही नको त्याला काही द्यावे लागत नाही. शब्द इतका काटकसरी असू शकतो हे मला तोवर जाणवले नव्हते.

रविवारी देऊळ भरले. शाल जांभळी होती, चांगली लोकरीची, मे महिन्यात. गुरुजींनी ती राहेलबाईंच्या खांद्यावर घातली, पाळकसाहेबांनी हार घातला. पाळक शिनगारे वयाने तरुण, भला माणूस. पण बदली कमिटीच्या शिफारशीवर असते, त्यामुळे भलेपणाला चाप बसलेला. मी मानपत्र वाचले. जड शब्दांवर गुरुजी मान डोलवत होते. राहेलबाई समोर बसून असे ऐकत होत्या की जणू वर्णन एखाद्या दूरच्या नातेवाईक बाईचे चालले आहे आणि ती चांगली निघाली याचे त्यांना बरे वाटते आहे.

वाचून संपले. गुरुजींनी घड्याळ पाहिले आणि गीताचा क्रमांक सांगायला तोंड उघडले.

"गुरुजी," मी ध्वनिक्षेपकातूनच म्हणाले, "मागणं राहिलं."

ते हसले. वर्गात मुलाने चूक बरोबर दाखवली की ते असेच हसत. "खरंच की. राहेलबाई, मंडळीकडे आपले काय मागणे आहे?"

राहेलबाई उठल्या. पदर सावरायला गेल्या तर हाताला शाल लागली.

"मंडळीनं मला आजवर पुष्कळ दिलं," त्या म्हणाल्या. "एकच मागते. पुढच्या रविवारचं प्रभुभोजन इथं नको. तबिताबाई पाटोळ्यांच्या अंगणात व्हावं. पाळकसाहेब असावेत, जुने-नवे सगळे वडील असावेत, आणि ज्याला जमेल त्यानं यावं. बास."

पंख्याचा आवाज ऐकू येत होता; गुरुजींच्या थोरल्या भावाचाच पंखा. मग मागच्या बाकांवरची एक बाई उठली. तिच्या शेजारची उठली. बांगड्यांचा आवाज मागून पुढे येत गेला. माझी आई उठली. पुरुषांच्या बाजूला लोक एकमेकांकडे पाहत होते, आणि मग, बायका उभ्या असताना आपण बसलेले कसे दिसू, या सभ्यतेने तेही उठले. 'आमेन' फार मोठ्याने झाले नाही, पण झाले. गुरुजींनी ते सर्वांत शेवटी आणि सर्वांत स्पष्ट म्हटले. उच्चारांच्या बाबतीत ते कधी ढिले पडत नसत.

त्यानंतर निवडणूक झाली. राहेलबाईंनी आपले नाव मागे घेतले, कारण सत्कारानंतर उभे राहणे शोभत नाही. त्यांच्या जागी गुरुजींचा पुतण्या निवडून आला. प्रथेबद्दल सांगायचे तर तीत पुढच्याच महिन्यात दुरुस्ती झाली : मागणे आगाऊ कमिटीकडे लेखी द्यावे. स्त्रियांचा ठराव कपाटातून बाहेर यायला जेवढी वर्षे लागली तेवढे आठवडेही या दुरुस्तीला लागले नाहीत.

मी तो आठवडा राहेलबाईंच्या अंगणातच काढला म्हटले तरी चालेल. कुरडया वाळल्या होत्या, आता शेवया चालल्या होत्या. बुधवारी सकाळी गुरुजी आले. खाटेच्या कडेला बसले, उन्हाबद्दल बोलले, राहेलबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. नंतर म्हणाले की मागणे मान्यच आहे, त्यात शंका नको. सगळे वडील येतील. फक्त व्यवस्थेचा एक बारीक मुद्दा आहे.

"भाकरी पाळकांच्या घरून करून नेऊ. तबिताबाईंच्या घरी उगाच त्रास नको. सून एकटी आहे, लोक पुष्कळ येतील."

राहेलबाई शेवयांची काडी फिरवत राहिल्या. "ज्या घरी भोजन, त्या घरची भाकर, गुरुजी. देवळातलं असलं तर पाळकांच्या घरची, कुणाच्या दारी असलं तर त्या दारची. हा नियम मी नाही केला."

"नियम कोणी मोडा म्हणत नाही. सोयीचा प्रश्न आहे."

"नियम कोणी केला, प्रिस्का? तू शिकवतेस ना?"

मी सांगितले. देऊळ बांधले जाण्यापूर्वी मंडळी घरोघर जमत असे. पहिले विश्वासी आपापसांत एकमेकांच्या घरचे खात नसत. म्हणून त्यांनीच एका सभेत ठरवले की प्रभुभोजनाची भाकरी ज्याच्या अंगणात मंडळी बसेल त्याच्याच चुलीवरची असेल, आणि ती ज्याला चालत नाही त्याने आपण मंडळीत आहोत असे समजू नये. त्या सभेचे अध्यक्ष गुरुजींचे आजोबा होते.

"हो, आजोबाच," गुरुजी म्हणाले. ते क्षणभर खरोखर अभिमानाने म्हणाले. पुढचे त्यांच्या ध्यानात नंतर आले. ते उठले, टोपी घातली. "बरं तर. रविवारी भेटू."

इथे गुडघे, ओढा, ऊन आणि कुत्री संपतात. आमचे पूर्वज ज्या जातीतून आले आणि तबिताबाईंचे ज्या जातीतून आले, त्या दोन्हींना गावाने वेशीबाहेरच ठेवले होते. वेशीबाहेरही दोन वस्त्या होत्या आणि त्यांच्या मध्ये ओढा होता. बाप्तिस्म्याने गाव सुटले, वेस सुटली, नावे बदलली, ओढा राहिला. गुरुजी दर वर्षी वसतिगृहाच्या मुलांपुढे एक गोष्ट सांगत. लहानपणी शाळेत त्यांच्या ओंजळीत पाणी वरून ओतीत. मास्तर पाटीला हात न लावता छडीने ती पुढे सरकवीत. सांगताना त्यांचा आवाज कापे, आणि तो खरेच कापे; मी तो अनेकदा ऐकला आहे. त्या गोष्टीवर त्यांचा लेख आहे. लेख चांगला आहे. तो लिहिणाऱ्या माणसाने ओढ्यापलीकडच्या चुलीवरची भाकरी त्या दिवसापर्यंत तोंडात घातली नव्हती.

गुरुजी दिसेनासे झाल्यावर मी राहेलबाईंना विचारले, की हेच करायचे होते तर वडील होऊनही करता आले असते. मते हातात होती. पद सोडले कशाला?

"मी वडील झाले असते तर काय झालं असतं?" त्यांनी शेवयांची काडी खाटेवर टेकवली. "पाळकसाहेब नि मी, दोघं गेलो असतो. तबिताला मिळालं असतं. पुढच्या महिन्यात पुन्हा आम्ही दोघं. कमिटीत कोणी विचारलं असतं तर गुरुजी म्हणाले असते, राहेलबाई जातात ना. सगळे जन्माचे सुटले असते, बाय. त्यांच्या सोयीसाठी मी वडील व्हायचं होतं होय?"

"नाव देताना हे ठाऊक होतं?"

"नाव देताना नव्हतं. त्यांनी शालीचं काढलं तेव्हा सुचलं." त्या पुन्हा कामाला लागल्या. "सत्कार केला नसता तर बिचाऱ्यांचं बरं झालं असतं."

रविवारी आम्ही सकाळीच ओढा ओलांडला. पात्रात फक्त गोटे होते. पाटोळ्यांचे अंगण ताजे सारवलेले, कडेला रांगोळीसारखी चुन्याची रेघ. शेवग्याच्या झाडाखाली तबिताबाईंची खाट आणून ठेवली होती. त्यांना नवे लुगडे नेसवले होते आणि उशीला टेकवून बसवले होते. त्यांची सून मार्था पहाटेपासून चुलीपाशी होती. ज्वारीच्या भाकरी पांढऱ्या फडक्यात झाकून ठेवल्या होत्या, मनुका भिजवून केलेला रस पितळेच्या तांब्यात. वडिलांसाठी शाळेतून बाक आणले होते. सगळे आले होते, गुरुजी मधोमध. राहेलबाई जांभळी शाल पांघरून बायकांत जमिनीवर बसल्या होत्या, घाम पुसत. मी म्हटले, काढा की ती. त्या म्हणाल्या, सन्मान आहे, काढून कसा चालेल.

आमच्याकडे भाकरीचा तुकडा प्रत्येकाने हातात घेऊन थांबायचे असते. सर्वांना मिळाले की पाळक शब्द उच्चारतात, मग सगळे एकदम खातात आणि खाल्ले की ज्याने त्याने आपापले 'आमेन' म्हणायचे. गुरुजींच्या पुतण्याने ताट फिरवले; नव्या वडिलाचे ते पहिलेच काम. तबिताबाईंच्या हातात पाळकांनी स्वतः तुकडा ठेवला आणि त्यांची बोटे मिटवली. मग शब्द उच्चारले.

अंगणभर तोंडे हलू लागली. इकडून तिकडून आमेन येऊ लागले. मी गुरुजींच्या समोरच्या बाजूला होते. त्यांनी उजवा हात तोंडाकडे नेला, ओठांना लावला आणि मूठ खाली आणून मांडीवर ठेवली. डावा हात सदऱ्याच्या खिशात रुमाल शोधत होता. एवढेच. वर्गातल्या शेवटच्या बाकावरचा कावा पहिल्या बाकावर बसून करणे सोपे नसते, पण त्यांना ते बरे जमले होते.

पाळकांनी पेला उचलला.

"आजी, तुम्ही खाल्लं नाही," ते तबिताबाईंकडे वाकून म्हणाले.

त्यांच्या हातात तुकडा तसाच होता. "पावण्यांचं झालं का?"

"झालं, आजी. खा तुम्ही."

"समद्यांचं?" त्यांनी मान वडिलांच्या बाकांकडे वळवली. डोळ्यांना काही दिसत नव्हते, पण त्या आवाज मोजत होत्या. "गुर्जींचं आमेन न्हाई आलं."

मार्था चुलीपाशी उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आले ते तिने बरीच वर्षे जपून ठेवले असणार.

"आजी, तुम्ही घ्या," पाळक हळू म्हणाले. "उपासना पुढे न्यायची आहे."

"न्या की. पर दारात पावणा उपाशी, आन घरच्या बाईनं तोंडात घास घालावा, आसं कुठं आस्तंय व्हय?" त्यांच्या आवाजात रोष नव्हता. अडचण होती, घरात कोणाला वाढायचे राहून गेले तर कर्त्या बाईला होते तशी. एवढी वर्षे ज्याची वाट पाहिली तो तुकडा त्यांच्या हातात होता आणि त्या आतिथ्यासाठी थांबल्या होत्या. "माझी घाई न्हाई. गुर्जी, तुमचं हु द्या सावकास."

मी राहेलबाईंकडे पाहिले. त्यांचीही ही योजना नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते. आम्ही सगळ्यांनी, गुरुजींनी, कमिटीने, राहेलबाईंनी आणि इतिहासाच्या अभ्यासकानेही, तबिताबाईंना केवळ आजारी बाई धरले होते. अंगण त्यांचे आहे, भाकर त्यांची आहे आणि म्हणून आपण सगळे त्यांचे पाहुणे आहोत, हे फक्त त्यांनाच लक्षात राहिले होते.

पाळक पेला हातात धरून उभे राहिले. उपासना त्यांनी पुढे नेली नाही. त्यांची बदली दोन वर्षांत झाली. माझ्या मते ती त्या उभे राहण्यामुळेच झाली.

गुरुजींनी रुमाल खिशात परत ठेवला. मूठ उघडली. तुकड्याचा घामाने चुरा झाला होता. त्यांनी तो तळहातावर एकत्र केला, तोंडात टाकला आणि चावू लागले. ज्वारीची कोरडी भाकर चावायला वेळ लागतो, आणि अंगण सगळे थांबले होते. त्यांच्या गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली.

"आमेन," ते म्हणाले. या वेळी उच्चार तितकासा स्पष्ट नव्हता.

तबिताबाईंनी तुकडा कपाळाला लावला आणि तोंडात घातला. दात नव्हते, त्या तो घोळवत राहिल्या. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आले ते त्यांनी पुसले नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड पुन्हा बाकांकडे केले.

"मीठ बरं हाय का, गुर्जी? सुनेचा हात जरा सडळ हाय."

"बरोबर आहे, तबिताबाई."

"मंग आजून घ्या की. लाजू नगा."

गुरुजींनी पाळकांकडे पाहिले. पाळकांनी पेला खाली ठेवला, फडक्याखालचे ताट उचलले आणि ते त्यांच्यापुढे धरले. गुरुजींनी हात पुढे केला.